तीस अश्वशक्तीचे चाळीस किलोवॅट

प्रति,
मा. उपकार्यकारी अभियंता साहेब,
वीज वितरण उपविभाग, डोंगरपट्टा,
जि. बीड

अर्जदार : गहिनीनाथ आसाराम तिडके, सचिव, पिंपळटाका पाणीपुरवठा सहकारी संस्था (तसेच सचिव, गावची दूध संस्था)

विषय : पिंपळटाक्यास चुकून मिळालेली नवी डीपी (ट्रान्सफॉर्मर) हिवरमाळ गावास देणेबाबत.

संदर्भ : अर्जदाराने स्वहस्ते भरलेली दोन्ही गावांची भारपत्रके.

महोदय,

१. अर्जदार नम्रपणे सादर करतो की, यंदाच्या दुष्काळात दोन गावांसाठी एकच डीपी उपलब्ध होती आणि ज्या गावाच्या मोटारींचा भार जास्त त्यास ती द्यावी, असे आपण ठरविले. ते योग्यच होते. पिंपळटाक्याचा भार चाळीस किलोवॅट व हिवरमाळचा तीस, असे कागदोपत्री दिसत असल्याने डीपी पिंपळटाक्यास आली. ते दोन्ही कागद भरणारे डोके अर्जदाराचे होते, म्हणून हा अर्ज.

२. अर्जदाराची हयात दूध संस्थेत गेली. तेथे दूध लिटरने घ्यायचे आणि संघाला किलोने लिहून द्यायचे. लिटरला एक पूर्णांक तीन शतांशाने गुणले की किलो येतात. आकडा नेहमी वाढतोच. हात त्याच वळणाचा झालेला. पिंपळटाक्याच्या तीन मोटारी, एकूण तीस अश्वशक्ती, यांचे किलोवॅट करताना एक पूर्णांक चौतीस शतांश हा आकडा कुठेतरी वाचलेला आठवला आणि अर्जदाराने बिनधास्त गुणून टाकले. भागायचे होते. भागले असते तर बावीस आले असते. मोटारीच्या पाटीवर दोन्ही आकडे छापलेले असतात हे खरे. परंतु गावच्या पाट्यांवर दर दसऱ्याच्या पूजेचे हळदकुंकू असे थापले आहे की ते देवालाही वाचता येऊ नये.

३. येथवर चूक झाली. पाप पुढेच आहे. हिवरमाळ हे अर्जदाराची धाकटी बहीण केसरबाई हिचे सासर. ती तेथील पाणी संस्थेची अध्यक्ष आहे. “दादा, तुजं शिक्षान झालेलं हाय, आमचा बी कागद तूच भर,” म्हणून ती अर्जदारास घेऊन गेली. तेथील मोटारीची पाटी लख्ख पुसलेली होती : दहा अश्वशक्ती, साडेसात किलोवॅट. अशा चार मोटारी, म्हणजे तीस. अर्जदाराने तिचा कागद बिनचूक भरला आणि परतीच्या एसटीत बसल्याबसल्या आपल्या गावचा कागद चुकल्याचे पुरते उमगले. दोन्ही कागद एकाच पिशवीत होते. पेन खिशात होते. अर्जदाराने दोन्ही कागद तसेच आपल्या कार्यालयात आणून दिले.

४. डीपी आली त्या दिवशी हलगी वाजली, नारळ फुटले. अध्यक्ष धोंडीराम यांनी अर्जदारास शाल घातली आणि चारचौघांत म्हणाले, “आपला सचिव लई डोक्याचा हाय!” केसरबाईही आली होती. ती भावजयीला सांगत होती, “आमच्यात दादावानी मानूस न्हाई, म्हून आमाला डीपी न्हाई.” हे ऐकून अर्जदार त्या शालीत घामाघूम झाला. हिवरमाळची डीपी जळून पडली आहे. विहिरीला पाणी आहे, पण ते बायांनी दोराने ओढावे तेव्हा वर येते. आखितीच्या सणाला केसरबाई माहेरी आली. आईवडिलांच्या नावाने पाण्याचा करा भरून पुजायचा, तो उचलताना तिचे तळहात दिसले. दोराने सोलून निघाले होते.

५. सबब विनंती की, आपण अचानक तपासणीस आल्यासारखे यावे, मोटारी मोजाव्यात आणि डीपी काढून न्यावी. हा अर्ज आवकला नोंदवू नये, कारण आपल्या कार्यालयातील शिपाई बद्रीनाथ हा पिंपळटाक्याचा असून त्याच्या पोटात काही राहत नाही. लोकांसमोर अर्जदार रागावल्याचे दाखवील. आपल्या नावाने मुर्दाबाद म्हणेल, ते मनावर घेऊ नये. प्रसंगी जीपपुढे आडवा पडेल. त्या वेळी जीप थांबवावी, परंतु कोणत्याही परिस्थितीत माघारी नेऊ नये.

६. वरील परिच्छेद लिहून झाल्यावर अर्जदाराच्या ध्यानात आले की, डीपी न्यायला हिवरमाळचे लोक येणार, त्यांत केसरबाई असणार, आणि तिच्या गावचे पाणी अडवायला आपला भाऊ जीपपुढे आडवा पडला आहे, हे ती डोळ्यांनी पाहणार. करिता परिच्छेद ५ रद्द समजावा. अर्ज रीतसर नोंदवावा, बद्रीनाथलाही खुशाल वाचू द्यावा. पिंपळटाक्याची जुनी डीपी कण्हतकुंथत का होईना चालते. बावीस किलोवॅट ती ओढील. गावकऱ्यांना अर्जदार स्वतः पारावर उभा राहून सांगेल. नंतर ते जे करतील ते अर्जदारास कबूल आहे.

चुकला असला तरी आपला नम्र,
गहिनीनाथ आसाराम तिडके
पिंपळटाका, दि. २० मे २०१३

सोबत :
१) पिंपळटाक्याचे दुरुस्त भारपत्रक.
२) पाणीपुरवठा संस्थेच्या सचिवपदाचा राजीनामा. (दूध संस्थेचा दिलेला नाही. तेथे गुणायचेच असते.)

प्रत माहितीसाठी : श्रीमती केसरबाई, अध्यक्ष, हिवरमाळ पाणी संस्था. प्रत घेऊन अर्जदार तिच्या दारी गेला व उंबऱ्याबाहेर उभा राहून पूर्ण वाचून दाखवली. तिने सगळे ऐकून घेतले, “आदी डीपी यीऊ दे. मंग तू ये,” एवढेच म्हणाली आणि दार लावून घेतले. तरी या अर्जावर त्वरित कार्यवाही व्हावी, ही विनंती.