बाईंना उचललं त्या दिवशी

प्रिय धाकट्या,

अक्षर ओळखलं असशीलच. चौदा वर्षांत मी तुला वाढदिवसाच्या कार्डांपलीकडे काही पाठवलं नाही, त्यातही छापील शुभेच्छांखाली नुसतं ‘ताई’. त्यामुळे एवढं जाड पाकीट बघून कोणीतरी गेलं असं वाटेल तुला. कोणी गेलेलं नाही. आपल्या दवाखान्याच्या बाई घरी निघाल्या आहेत, त्यांच्या देशात, थोरल्या बहिणीकडे. दुखणं हाडांत उतरलंय. डॉक्टरांनी दीड महिना सांगितला, आणि त्यातले बारा दिवस आपल्या चर्चच्या मंडळीने सभा घेण्यात घालवले.

बाईंनी आपल्या गावातल्या अडतीस वर्षांत स्वतःसाठी काही मागितल्याचं तुला आठवतं का? मला नाही. दवाखान्यासाठी मागत, शाळेसाठी मागत, तेव्हा पंच मंडळी रस्ता बदलून जायची. या वेळी त्यांनी पाळकसाहेबांना बोलावून सांगितलं, की बहीण शहाऐंशीची आहे, तिला प्रवास झेपत नाही; तिच्या स्वयंपाकघरात एकदा बसायचंय, तेवढं जमलं तर बघा. पाळकसाहेबांनी लगेच प्रार्थना सुरू केली. त्यांची प्रार्थना तुला ठाऊक आहे, सृष्टीच्या उत्पत्तीपासून निघते. बाईंनी मध्येच ‘आमेन’ म्हणून संपवली आणि त्यांना सांगितलं, आता सुताराला पाठवा.

सुतारमामाला का, तर जिना. बाईंची खोली दवाखान्याच्या माडीवर, आणि तो जिना मधोमध असा वळतो की सडसडीत माणूससुद्धा पोट आत घेऊन उतरतो. स्ट्रेचर वळेना. मामाने दोन दांड्यांची खुर्ची बनवली, कठडा काढून ठेवला, आणि जाहीर केलं की आधी तालीम होईल, बाईंवर प्रयोग करायचे नाहीत. तालमीला माणूस हवा जड, म्हणजे त्याला पेललं तर कोणालाही पेललं. सगळ्यांनी एकदम बेकरीवाल्याकडे पाहिलं. त्या बिचाऱ्याने आठ दिवस रोज संध्याकाळी त्या खुर्चीत बसून चढ-उतार केली. उचलणारे चौघे: मामा, पोस्टमन, कवायतीचे मास्तर आणि, सगळे नको नको म्हणत असताना, पाळकसाहेब. बेकरीवाला वरून सूचना द्यायचा. मास्तर म्हणाले, तोंड बंद ठेव, बोललास की जड होतोस.

मी हे सगळं खालच्या बाकावर बसून बघत होते आणि मनात नोंदवत होते. माझा स्वभाव तुला माहीत आहे. या लोकांना एक खिळा ठोकायचा तरी ठराव लागतो, असं मी आयुष्यभर म्हणत आले. पण बघ, शाळेच्या गाडीचा ड्रायव्हर कोणी न सांगता तीनदा अख्खा रस्ता पालथा घालून आला. खड्डे कुठे, गतिरोधक कुठे, वहीत लिहून घेतलं त्याने. मागच्या सीट काढून पलंग बसवला आणि बायकोला त्यावर झोपवून गावाला दोन फेऱ्या मारल्या. ती म्हणाली, लग्नाला वीस वर्षं झाली, इतकी जपून गाडी कधी चालवली नव्हती यांनी.

विमान कंपनीची एकच अट होती: सोबत शिकलेली नर्स हवी, नाहीतर असा पेशंट आम्ही चढवून घेणार नाही. सभेत तेव्हा तुझं नाव निघालं. साहजिकच आहे, तूही शिकलेला नर्स. आजारी माणसांना विमानातून घरी पोचवणं हाच तुझा धंदा, त्या देशात तुझं महिन्या-दोन महिन्यांनी जाणं-येणं, कागदपत्रं तयार. पोस्टमन बोलला, मास्तर बोलले, मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणाले, त्याला वेळ नसतो. कोणी दुसऱ्यांदा विचारलं नाही. आपल्या दवाखान्यातली नर्स तयार झाली आणि विषय मिटला.

निघायच्या सकाळी चौघे खुर्चीला भिडले. मामाने आकडे मोजले, तीन म्हणताच सगळ्यांनी बेकरीवाल्याच्या हिशोबाने जोर लावला आणि खुर्ची थेट खांद्याच्या वर गेली. काही वजनच नव्हतं रे. पांघरुणाचंच काय ते असेल. चौघेही तसेच उभे राहिले, कोणाला पाऊल उचलवेना. ज्यांच्या आवाजाने अख्खी शाळा थरथरते ते मास्तर भिंतीकडे तोंड करून उभे. शेवटी बाईच म्हणाल्या, जरा खाली घ्या, देवाकडे इतक्यात नको, आधी बहिणीकडे जायचंय. तेव्हा कुठे ते हलले. त्या वळणावर, जिथे आठ दिवस बेकरीवाल्याची कोपरं सोलली, तिथे खुर्ची अशी वळली की बाईंच्या हातातल्या पेल्यातलं पाणी सांडलं नाही. खाली अंगणात सगळं गाव उभं होतं. मी पुढे होऊन गाडीचं दार उघडून धरलं.

विमानतळाच्या शहरापर्यंतचा नऊ तासांचा रस्ता आम्ही सोळा तासांत आलो. वाटेत चार ठिकाणी थांबलो, चारही बाईंच्या जुन्या पेशंटांची घरं. धुतलेली चादर, गरम पाणी, मग दार ओढून घेऊन घरचे बाहेर. दुसऱ्या मुक्कामाला एका शिंप्याचं घर होतं. शेजारीण हळूच सांगून गेली की मशीनचा आवाज नको म्हणून त्याने सकाळपासून पायसुद्धा लावला नव्हता, आणि लग्नाचे कपडे द्यायचे राहिले म्हणून शिव्या खात होता. आम्हाला त्याने त्यातलं अक्षर सांगितलं नाही.

आता जे चौदा वर्षं लिहिलं नाही ते लिहिते. दवाखान्यातल्या इंजेक्शनांची पेटी गेली, बाईंनी सगळ्यांदेखत तुला विचारलं, आणि तू ॲप्रन टेबलावर ठेवून निघून गेलास. पुढच्या महिन्यात आई गेली. तिच्या मातीलाही तू आला नाहीस. त्यानंतर पंधरा दिवसांनी पेटी सापडली, दुसऱ्या गावच्या दवाखान्याच्या सामानात चुकून गेली होती. बाई त्या रविवारी उपासनेत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, मी एका निरपराध मुलाला चोर ठरवलं, हे तुम्ही सगळ्यांनी ऐकलं होतं, म्हणून सगळ्यांसमोरच सांगते. मग त्यांनी तुला पत्र लिहिलं. तुझा पत्ता फक्त माझ्याकडे होता, म्हणून टाकायला माझ्याकडे दिलं. मी ते टाकलं नाही. आईसाठी न आलेल्याला कशाला हवीत माफीची पत्रं, असं म्हणून कपाटात ठेवलं. पुढे राग गेला, पण तोवर इतका उशीर झाला होता की पत्र द्यायचं म्हणजे स्वतःचं सांगावं लागलं असतं. दुसऱ्यांची उणीदुणी काढण्यात हयात गेली. स्वतःची वेळ आली तेव्हा दातखीळ बसली. बाई समजून चालल्यात की तू ते वाचलंस आणि उत्तर दिलं नाहीस. त्यांनी त्याबद्दल कधी एक शब्द काढला नाही. सभेत तुझं नाव निघाल्याचं कळलं तेव्हा एवढंच म्हणाल्या, त्याच्याकडे काही मागू नका, मागायचा हक्क मी घालवला.

मी हे तुझ्याच शहरातून लिहितेय, स्टेशनमागच्या पाहुणघरातून, दुसरा मजला, खोली नऊ. आपली नर्स काल रात्रीपासून तापाने फणफणली आहे, सकाळी अंगावर कांजिण्या उठल्या. तिला विमानात घेणार नाहीत, आणि तिच्याशिवाय बाईंना घेणार नाहीत. विमान उद्या दुपारी आहे. पुढचं आठवड्याने, आणि आठवडा बाईंकडे आहे असं मला त्यांच्याकडे बघून वाटत नाही. पत्र घेऊन सुतारमामाच आलाय, त्याला दारात ताटकळत ठेवू नकोस. बाईंचं पत्र सोबत ठेवलंय, पाकीट पिवळं पडलंय पण फोडलेलं नाही. आधी ते वाच. मग नाही म्हणालास तरी माझी तक्रार नाही. आणि येणार असशील तर बॅग भरूनच ये. त्यांचं पत्र मी दाबून ठेवलं होतं, हे बाईंना अजून सांगितलेलं नाही. तू आलास तर तुझ्यासमोर सांगेन, नाही आलास तर एकटी सांगेन. सांगणार मात्र आजच.

उशिरा का होईना, पण तुझीच,
ताई