टॅबच्या जागी स्पेस

सोम. ९ फेब्रु.
उत्रोलीच्या घरून कामाला बसले, कोड उघडला तर सगळाच हललेला. ओळ आत सरकवायला आम्ही टॅबची कळ वापरतो. आता सगळीकडे चार-चार स्पेस, म्हणजे मोकळ्या जागा. हजारो ओळी. बदल रविवारचा, नाव प्रकाशदादांचं!
दादा स्पेस घालतील? मला काम शिकवलं त्यांनीच. पहिल्याच दिवशी दरडावलं होतं, "टॅब सोडून दुसरं काय दिसलं तर बघ." नजर अधू, अक्षरं भली मोठी करून वाचतात. टॅबची जागा हवी तेवढी अरुंद करता येते. स्पेस तशा आवळता येत नाहीत, ओळ पडद्याबाहेर जाते.
फोन केला. उचलला नाही.

मंगळ. १०
टीममधला तुषार, पहिल्यापासून स्पेसवाला. त्याचा मेसेज: "अखेर दादांना पटलं!" एवढा खूश कशाला?
मोकळ्या जागा वगळून जुना-नवा कोड ताडून पाहिला. एवढ्या ओळींत खरी बदललेली एकच. लसींचा फ्रिज आठ अंशांच्या वर गेला की आमच्या कोडमुळे दवाखान्यात भोंगा वाजतो. तिथं आता बारा.
लगेच परत आठ केले. कुणाला बोलले नाही. आधी दादांना विचारायचं.

बुध. ११
नसरापूरला उतरून वेल्ह्याची एसटी. दादा पडवीत, डोळ्याला पट्टी. शनिवारी ऑपरेशन झालं.
"म्या मशीनला हातच लावला न्हाई गं. रविवारी तुषार भेटून गेला, तेवढंच."
"मशीन उघडं होतं?"
"आसंल. पर तुषार तसला न्हाई."
बारा अंशांचं सांगितलं. दादा हळूच म्हणाले, "माझा पासवर्ड तुलाच ठावं हाय फक्त. मशीन लावून दिलंस तवा दिलेला."
वहिनी चहा घेऊन दारातच थांबल्या. तुषार तसला नाही म्हणाले. माझ्याबद्दल तेवढंही...

गुरु. १२
साहेबांचा फोन. "नेमकी तीच ओळ तुला कशी सापडली?" ताडून पाहिली म्हटलं. "बरं." त्या 'बरं'मध्ये काहीच बरं नव्हतं. दादांनी कळवलं? की तुषारनं?
उद्या दहाला मीटिंग, तिघांनाही बोलावलंय.
दादांचा पासवर्ड अजून माझ्या मोबाईलमध्ये आहे. पुसला तर पुरावा पुसल्यासारखा. ठेवला तर तोच माझ्याविरुद्धचा पुरावा.