तिसरी यादी

जळगाव,
ता. १९ जून १९८९

चि. सौ. कुमुदला नानांचे अनेक आशीर्वाद.

तुझं कार्ड परवा पोचलं. इकडे ठीक. ऊन अजून हटत नाही, तुझ्या आईचे गुडघे तिचं ऐकत नाहीत आणि मी कोणाचंच ऐकत नाही, असं ती म्हणते.

वर्षभरानंतर तुझं अक्षर पाहिलं. मोजून चार ओळी. वर 'स. न. वि. वि.'. बापाला ऑफिसचा मायना! खाली तुझ्या नणंदेचे, छायाचे मार्क: गणित ८८, फिजिक्स ८१, केमिस्ट्री ८०. 'पुण्याला सरकारी इंजिनिअरिंगला लागेल का, अंदाज कळवावा.'

बारावीचा निकाल लागल्यापासून रावेर, यावल, पाचोऱ्याचे पालक आपल्या ओट्यावर मार्कशीट घेऊन बसलेले असतात. कॉलेजच्या ऑफिसात कारकुनी करता करता अकरा वर्षं मी प्रवेशाचे शेवटचे आकडे एका वहीत उतरवले, तेवढ्यावर लोक मला ज्योतिषी समजतात. थकलो आता. तेच तीन विषय, तीच बेरीज, तेच उतरलेले चेहरे.

छायाचं सांगतो. तिचे होतात २४९. गेल्या वर्षी पहिली यादी २५६ला बंद झाली. हे ऐकून तुझे सासरे हातपाय गाळतील, तर गाळू देऊ नकोस. वरची मुलं मेडिकलला निघून जातात, जागा सुटतात. तिसरी यादी २४७पर्यंत उतरली होती. फॉर्म भरायचाच. शेवटची तारीख अठ्ठावीस.

एवढं काल लिहून झालं होतं. पाकीट चिकटवायला घेतलं तर तुझी आई म्हणाली, "आते तरी पोरले बठ्ठं लिखी टाका." म्हणून सगळं लिहायला पुन्हा बसलो.

तुझे २५१ होते. चौऱ्याऐंशीच्या जूनमध्ये ह्याच ओट्यावर मी वही उघडली, 'मागच्या वर्षी २५७ला बंद झालं' म्हणालो आणि वही मिटली. आकडा खरा होता, पण पहिल्या यादीचा. तू 'बरं, नाना' म्हणालीस आणि बीएस्सीला नाव घातलंस. त्याच दुपारी यावलच्या चिंधा पाटलांचा मुलगा आला. त्याचे २४८. त्याला मीच म्हणालो, तिसऱ्या यादीपर्यंत दम धर, फॉर्म सोडू नकोस. त्याला पाणी तूच आणून दिलं होतंस.

तो आता धुळ्याला वीज मंडळात इंजिनिअर आहे, तुमच्याच गल्लीत राहतो, असं जावईबापू गेल्या वर्षी बोलता बोलता म्हणाले. तेव्हापासून तुझी पत्रं थांबली. का थांबली ते मला विचारावं लागलं नाही. विचारायची हिंमतही नव्हती.

तुझं हे धुळ्याचं स्थळ तेव्हा बोलण्यात होतं आणि ती मंडळी चार वर्षं थांबायला तयार नव्हती. पण त्यांच्यावर ढकलत नाही. एकदा पुण्याला गेलीस की तू आमची राहणार नाहीस, ही भीती माझी होती. चुकलो म्हणणं सोपं आहे. मी तुला फसवलं, कुमुद. लोकांच्या पोरांना तिन्ही याद्या वाचून दाखवल्या आणि माझ्या पोरीला एकच.

त्याच घरातली मुलगी आता इंजिनिअर व्हायचं म्हणते, आणि तिच्यासाठी तू मला विचारतेस.

वही रजिस्टर पोस्टाने वेगळी पाठवतोय. ती आता तुझ्याकडेच असू दे. ओट्यावर कोणी आलं तर धुळ्याला लिहा म्हणेन. छायाचा फॉर्म तिच्याजवळ बसून तू भर. तिच्या बापावर सोडू नकोस.

उत्तर लिहिलंस तर मायना तुला वाटेल तो घाल. माझी तक्रार नाही.

तू अंदाज विचारला होतास. छायाला प्रवेश मिळेल. तुलाही मिळाला असता.

तुझा,
नाना