वनिताचा विषय

२ जुलै १९९८, चामोर्शी
अकरावीत माझ्या मत्स्य विषयाला एकोणीस पोरं. वीस हवीत, नाहीतर तुकडी बंद आणि मी अतिरिक्त. प्राचार्य म्हणाले, "तुमचा विषय, पोरं तुम्हीच आणा." म्हणजे मास्तरने आता दारोदार फिरायचं.

४ जुलै
मिळाली विसावी! तलावाकाठच्या ढिवरांच्या, म्हणजे मासेमारांच्या, मोहल्ल्यातली वनिता. दहावीत शाळेत पहिली. तिला जीवशास्त्र घेऊन गुरांची डॉक्टर व्हायचंय. मी तिच्या बापाला म्हटलं, घरचाच धंदा, पोरगी सहज पुढे जाईल. बाप हरखला. "आमचा धंदा पुस्तकात हाय, हे मले मालूमच नोतं सर!" वनिता म्हणाली, "तुमी म्हनता त ठीक हाय."
आमच्या कॉलेजात जीव. आणि मत्स्य एकाच तासाला, दोन्ही घेता येत नाहीत. जीव. सुटलं की डॉक्टरकीची वाट बंद. हे सांगितलं नाही. कुणी विचारलंही नाही, असं स्वतःला समजावतोय.

५ जुलै
वनिताचा बाप मरळ मासा घेऊन आला, पळसाच्या पानात गुंडाळून. नको म्हटलं तर रागावला. सौ.ने झणझणीत रस्सा केला. मी दोनदा मागून घेतला. निर्लज्ज.

९ जुलै
तलावावर पहिलं प्रात्यक्षिक. एक पोरगा ओरडला, "इले काय शिकवता सर, इचा बाप रोजच जाळं टाकते!" सगळे हसले. मीही, थोडा. का हसलो?
वनिता काठावरच उभी राहिली. परतताना तिनं विचारलं, "सर, या विषयानं नागपूरले गुरांच्या कॉलेजात जाता येते ना?"
"बघू," म्हणालो. काय बघू? मला ठाऊक आहे, येत नाही.

११ जुलै
सौ.ला सगळं सांगितलं. "तिच्या जागी आपली पोरगी पिंकी असती त असंच केलं असतं काय?" म्हणाली. थोड्या वेळानं तीच, "तुकडी गेली त कुठी फेकतील आपल्याले?"

१३ जुलै
गेलो शेवटी. बाप अंगणात जाळं सांधत होता, वनिता जवळच. सगळं बोलून टाकलं. माझी नोकरीसुद्धा.
बापाचा हात थांबला. "म्हंजे आमची पोरगी शिकवाले नाई, तुमचा पट भराले पायजे होती."
हो म्हणालो. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.
वनिता एवढंच म्हणाली, "विषय बदलाची मुदत कवापर्यंत हाय?"
उद्या.

१४ जुलै
सकाळीच ती अर्ज घेऊन आली. विषयशिक्षक म्हणून सही केली. प्राचार्य भडकले. "सही मागं घ्या. पुढच्या महिन्यात घरी बसाल तेव्हा ही पोरगी पोसणार आहे का?" स्वतःची सही न करता अर्ज तसाच टेबलावर ठेवून जेवायला गेले. अजून आले नाहीत.
घंटा झाली. वनिता दाराशी. "सर, मी कोनत्या वर्गात बसू?"
"जीव.ला बस," म्हटलं.
तसं सांगायचा मला अधिकार नाही. अर्ज मंजूर झाला का, हे तिनं विचारलं नाही. मी सांगितलं म्हणून आजही गेली.