बोडी

३ मार्च, चंद्रपूर
प्रबंध जमा करायला नऊ दिवस. एकट्या राबणाऱ्या बायकांच्या अकरा मुलाखती, सगळ्या मोबाइलमध्ये. चार हाताने उतरवल्या, मान धरली. एका तासाच्या बोलण्याला पाच तास जातात. माझ्या खोलीत राहणारी मैत्रीण प्रणाली म्हणाली, "एआयले दे नं व. मी सगळ्या देल्या. काऊन हात मोडून घेऊन राह्यली?"
दिल्या. उरलेल्या सातही. खाली लिहिलं, 'प्रमाण मराठीत कर, वाचायला छान झालं पाहिजे.' चहा संपायच्या आत सात बायका कागदावर. वाईट वाटायला हवं होतं, पण बरंच वाटलं.

५ मार्च
कच्ची प्रत मार्गदर्शक मॅडमना दिली. सोबत विभागाचा नवा फॉर्म. एआय वापरलं का, कशासाठी, नंतर स्वतः तपासलं का. प्रणालीने 'नाही'वर खूण केली, मीही केली. सही करताना हात अडला जरा. मागे रांग होती.
त्या सात मी नुसत्या चाळल्या. चाळल्या म्हणणंसुद्धा जास्तच होईल.

८ मार्च
महिला दिनाच्या कार्यक्रमातून मॅ.चा फोन. "मुलाखत नऊ वाचून रडले गं. काय धाडसाने बोललीय ती बाई!"
नऊ म्हणजे पार्वताबाई. चामोर्शीकडची, ढिवर समाजातली, नवरा वारलेला, तळ्यावर मासे धरते. आईच्या ओळखीची, म्हणून मी मावशी म्हणते. ती धाडसाने काय बोलली ते मला आठवेना. तरी "हो मॅडम" म्हटलं. ते म्हणायला मला कधीच जड जात नाही.

९ मार्च
नऊ उघडली.
'पतीच्या निधनानंतर दिराने माझ्या शरीराचा ताबा घेतला. मी गप्प राहिले. कोणाला सांगणार?'
हे ती कधी बोलली? मी तर समोर बसले होते. रेकॉर्डिंगमधला तेवढा भाग शोधून लावला.
"नवरा मेला अन् दीरानं बोडी घेतली माझी. मी काई बोलली नाई. कोनाले सांगू?"
बोडी. शेतातलं पाण्याचं लहान तळं. त्यात ती मासे सोडायची, शिंगाडा लावायची. मशीनने इंग्रजीतली बॉडी ऐकली आणि पुढचं सगळं त्या हिशेबाने रचलं. मॅ. सांगलीच्या, त्यांना बोडी ठाऊक नाही. मशीनला ठाऊक नाही. मी तर बोडीतच पोहायला शिकले.
आधी हसू आलं. प्रणालीला सांगितलं, तीही हसली. मग मॅ. रडल्याचं आठवलं.

१० मार्च
सांगायचंच, असं ठरवून मॅ.कडे गेले. त्यांनीच सुरुवात केली. ते पान महिला समितीच्या दोन ताईंना पाठवलंय. परवा गाडी करून गावात जाणार. "तुझं नाव पुढे येणार नाही, घाबरू नकोस."
माझं नाव! मुलाखतीत नावं बदललीत, पण गाव तेच ठेवलंय, आणि त्या गावात एकटी मासे धरणारी विधवा एकच. दीर भिंतीपलीकडे राहतो. दोन शहरी बायका गाडीतून उतरून तिचं घर विचारणार, म्हणजे संध्याकाळपर्यंत गावभर. त्यानंतर बिचारीने कुणाला कसं तोंड दाखवायचं?
तरी नाही सांगितलं. फॉर्म टेबलावरच होता, खाली माझी सही. एवढंच म्हटलं, "मॅडम, आधी मी भेटून येते." त्या म्हणाल्या, "गुणी मुलगी आहेस."
भेकड आहे मी.

११ मार्च, गावाहून परत
सकाळची बस. मावशी अंगणात जाळं सांधत होती. सगळं सांगितलं. तिला कळेचना. "मशीनले कोनं सांगतलं व माझ्या अंगाचं?" मग म्हणाली, "वाच."
पहिल्या ओळीपासून वाचलं. मधेच तिने थांबवलं. "हे कोन बाई बोलून राह्यली? मी तं नाई."
खरंच. फक्त बोडीचं वाक्य नाही, त्यात तिची एकही ओळ नव्हती. वाचायला छान तेवढं होतं.
"किती झनानं वाचलं?"
मोजून सांगितलं. मॅडम, दोन ताई, प्रणाली, झेरॉक्सवाला.
"भांडन बोडीचं आहे बाप्पा. तो चोर आहे, पन असा नाई. त्याच्या पोरी लग्नाच्या आहेत." ती पुन्हा जाळ्याला लागली. आज पहिल्यांदा तिने मला चहा विचारला नाही.
स्टँडवरून मॅ.ना फोन. एआय, बोडी, खोटी सही, सगळं एका दमात. त्या म्हणाल्या, "उद्याचं जाणं थांबवते. पण एका ताईंनी सरपंचांना कळवून ठेवलंय, एका बाईच्या प्रकरणात येतोय म्हणून."
कोणती बाई ते सांगितलं का? मॅ.ना तेही माहीत नाही.
"तुझ्या सहीचं विभागाला कळवायचं की नाही, मी अजून ठरवलं नाही. प्रबंध जमा करू नकोस. पंधराला ये. सातही मुलाखती पुन्हा ऐकून, हाताने लिहून आण." रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

१३ मार्च
नऊपासूनच सुरुवात. थांबव, मागे ने, लिही. मावशी खोकते, कोंबडी हाकलते, मग बोडीवर येते. मशीनने हे सगळं गाळलं होतं.
आणखी एक गाळलं होतं. तेविसाव्या मिनिटाला मावशी हळूच विचारते, "पोरी, हे बाहेर तं नाई जाईन नं?"
त्यावर एक मुलगी, जराही न अडखळता, गोड आवाजात:
"नाई व मावशी. माझ्याजवळच राहीन."
दोनदा ऐकलं. लिहून घेतलं, तिच्या ओळीखाली माझी ओळ. ढसाढसा रडले, लिहायलाच लाज वाटते.
परवा हे पान मॅ.समोर ठेवायचं. त्याआधी मावशीला विचारायला हवं. सकाळपासून चार वेळा लावला, ती फोन उचलत नाही.