शुक्रवारचा आकडा

मी, फरीदा रशीद तांबोळी, वय वर्षे त्रेसष्ट, राहणार तिसगाव, तालुका पाथर्डी, जिल्हा अहिल्यानगर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. कोणाच्या धाकाने नाही, कोणाच्या लाडीगोडीनेही नाही. रक्तदाबाची गोळी चालू आहे, गुडघे दुखतात, पण डोके शाबूत आहे. पाईपची जाडी सांगा आणि आत काय वाहते ते सांगा. किती अंतरावर टेकू हवा ते मी आजही कागदावर काढून देईन. घरात आम्ही दखनी बोलतो. वकिलांना व कचेरीत कळावे म्हणून मराठीत लिहिते.

१. बाजारतळामागचे तीन खोल्यांचे घर माझ्या नावावर आहे. ते माझे पती मरहूम रशीद यांच्या परदेशातल्या कमाईतून बांधले. शरियतीप्रमाणे मला तिसऱ्या हिश्श्यापुरतीच वसीयत करता येते, हे मला ठाऊक आहे. म्हणून दोन हिस्से मुलगा शाहबाज व मुलगी हुमेरा यांनी शरियतीप्रमाणे वाटून घ्यावेत. उरलेला हिस्सा, म्हणजे रस्त्याकडची खोली, हुमेराची मुलगी अलिझा हिला देते. का, ते शेवटी लिहिते.

२. पाईपच्या तक्त्यांचे इंग्रजी पुस्तक व माझ्या आकडेमोडीच्या सहा वह्याही अलिझाला. पुस्तकाला ग्रीसचे डाग आहेत, ते पुसू नयेत.

हे पुस्तक माझ्या पतींनी लग्नाच्या पहिल्या वर्षी आणले. ते आयटीआय झालेले फिटर. पुणतांब्याजवळ एका साखर कारखान्याच्या उभारणीवर काम होते, आणि आम्ही तिथेच भाड्याच्या खोलीत राहत होतो. मी बारावी सायन्स. पुढे शिकायचे होते, लग्न झाले. ते म्हणाले, "हात माझं ऐकतात, आकडे ऐकत नाहीत. यातलं तुला काही कळतं का बघ."

एका रविवारी आम्ही गच्चीवर दोन विटांवर एक बारीक नळी ठेवली आणि मधोमध पाण्याची बादली टांगली. मग विटा दुप्पट अंतरावर सरकवल्या. ते म्हणाले, "आता दुप्पट वाकेल." मी म्हणाले, "आठपट." सुतळी ताणून मोजले, तर आठपटीच्या जवळपास भरले. नळीच्या स्वतःच्या वजनाने तर सोळापट झोळ पडतो, हेही मी सांगितले. ते सुतळी हातात धरून माझ्याकडे बघतच राहिले. त्या गच्चीवर मला परत जायचे आहे. हे कोणत्या कलमात बसत नाही, तरी लिहिते.

३. मच्छिंद्रभाऊंच्या टेलिफोन बूथमधले लाकडी स्टूल हुमेराला द्यावे. बूथ बंद केला तेव्हा त्यांनी ते मला आपणहून आणून दिले.

हे नव्वद साली आखातात गेले. दर दोन वर्षांनी दीड महिना यायचे. शुक्रवारी त्यांना सुट्टी, म्हणून दुपारी बूथवर फोन यायचा. मच्छिंद्रभाऊ दारात येऊन ओरडायचे, "भाभी, चला बिगीबिगी, लाईन लागलीया!" मी वही घेऊन पळायची, हुमेरा बोट धरून मागे. आधी मुलांची खुशाली. मग ते सांगायचे: आठ इंची, आत पाणी, जाडी इतकी. मी आकडेमोड करून सांगायची: पावणेसहा मीटरच्या पुढे जाऊ नका. "बाकी?" ते विचारायचे. "बाकी ठीक," मी म्हणायची. बूथबाहेर माणसे ताटकळत उभी असायची. सगळे बोलणे त्या 'बाकी'त राहून गेले.

४. माझे दीर अझहरभाई यांना मी काही देत नाही. दर शुक्रवारी बाईमाणसाने बूथवर जाऊन बसणे बरे नाही, असे ते भर पंगतीत म्हणाले. नवऱ्याशी कोण आकड्यांचे बोलते, असेही म्हणाले. मी त्यांना वही दाखवली, तर त्यांनी ती उलटी धरली होती. मातीला मात्र त्यांनी जरूर यावे.

५. भिंतीवरची पितळी ढाल शाहबाजला. ती 'अचूक हिशोबाबद्दल' रशीद यांना मिळाली. तिची गोष्ट शाहबाजला नीट माहीत नाही. वडील आपल्यासाठी आले नाहीत, असे तो धरून बसला आहे.

सत्त्याण्णव साल. पुढच्या रमजान ईदेला हे कायमचे येणार होते. बॅग भरायलाही घेतली होती. एका मंगळवारी अचानक फोन आला.

"चोवीस इंची, वाफेची लाईन. टेकू तेरा मीटरवर. उद्या पाणी भरून चाचणी आहे."

मी तक्ता उघडला. "वाफेला तेरा चालेल. पाण्याला नाही. रिकामा पाईप मीटरला एकशे चाळीस किलो, पाणी भरलं की चारशेच्या वर. दर दोन टेकूंच्या मधे तात्पुरता टेकू लावा, मगच पाणी सोडा."

"इंजिनीअर हसतोय. म्हणतो, एका दिवसाचा तर प्रश्न आहे."

"हसू द्या. टेकू लागल्याशिवाय तुम्ही सही करू नका."

त्यांनी सही केली नाही. भांडून टेकू लावून घेतले. त्यांची लाईन उभी राहिली. शेजारी दुसऱ्या ठेकेदाराची तशीच लाईन होती. तिच्यात टेकू न लावता पाणी भरले. ती वाकली, टेकूंवरून सुटली आणि खाली आली. दोघांचे पाय गेले. कंपनीने यांना ढाल दिली, सुपरवायझर केले आणि करार वाढवला. ते आणखी दहा वर्षे तिथेच राहिले. ईदेचा शिरखुर्मा मी त्या वर्षी केला आणि शेजारी वाटून टाकला.

मी कोणाला बोलले नाही, पण मनात एकच घोळत राही: मी चुकीचा आकडा सांगितला असता तर हे घरी आले असते.

६. सातवी वही हुमेराला. तिच्यात एकही पाईप नाही.

हे दोन हजार सातमध्ये परत आले, तेव्हा त्यांना ऐकू येत नव्हते. वाफेच्या आवाजात कान गेले होते. कानाचे मशीनही लावून पाहिले, पण उपयोग झाला नाही. सतरा वर्षे मला त्यांचा जवळजवळ फक्त आवाजच मिळाला होता. आता ते समोर होते आणि माझा आवाज त्यांच्यापर्यंत जात नव्हता. मग मी वहीत लिहायची, ते वाचून तोंडाने उत्तर द्यायचे. त्यामुळे त्या वहीत माझेच बोलणे आहे, त्यांचे नाही.

एक उत्तर मात्र इथे नोंदवते. एका दुपारी मी लिहिले, "त्या मंगळवारी मी 'तेरा चालेल' म्हणाले असते, तर तुम्ही ईदेला घरी आला असता."

त्यांनी दोनदा वाचले. हळू बोलणे त्यांना जमत नसे. सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असे ते म्हणाले, "पाणी सोडायचा व्हॉल्व्ह लाईनीच्या खालीच होता, फरीदा. तिथं मीच उभा होतो."

मी वही मिटली. ते पान तसेच आहे. दोन हजार दहाच्या हिवाळ्यात ते गेले.

७. आता अलिझाचे. ती डिप्लोमा करून सुप्याच्या एमआयडीसीत पाईपचे ड्रॉइंग करते. तिचा संगणक जे अंतर सांगतो, ते ती माझ्याकडून ताडून घेते. तिला स्वतःचे ऑफिस काढायचे आहे, म्हणून रस्त्याकडची खोली तिची. शाहबाजने फोनवर "माझी ना नाही, अम्मी," असे सांगितले आहे.

गेल्या जानेवारीत ती मला एका कारखान्यात घेऊन गेली. डोक्यावर पिवळे हेल्मेट घालून मी आत गेले. तिने वर बोट दाखवले. "नानी, ही चोवीस इंची."

मी एवढी वर्षे त्यांची गणिते केली, पण असला पाईप कधी पाहिला नव्हता. मनात तो वहीतल्या दोन रेघांएवढाच होता. मी त्याच्याखाली जाऊन उभी राहिले.

"नानी, रडायला काय झालं? साधी पाण्याची लाईन आहे."

"केवढा मोठा असतो गं," मी म्हणाले. "आणि ते याच्याखाली उभे होते."

हे मृत्युपत्र अमलात आणण्याचे काम हुमेराने करावे. यापूर्वी मी दुसरे मृत्युपत्र केलेले नाही. वाचून, समजून घेऊन, खालील दोघांसमोर सही केली.

सही: फरीदा रशीद तांबोळी

साक्षीदार:
१. मच्छिंद्र भानुदास लवांडे, तिसगाव
२. वृषाली रंगनाथ भिंगारदिवे, शिक्षिका, तिसगाव

ठिकाण: तिसगाव
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५, शुक्रवार