मीराबाई नावाचं खातं

रविवार, ५ एप्रिल
गाण्यांचा माइंड मॅप उघडतच नाही! क्लिक केलं की गोल चक्र फिरतं, आणि मग काहीच नाही. कालपर्यंत नीट चालत होता. कालच आईसाठी लॅपटॉप साफ केला, माझं जुनं खातं काढून तिच्या नावाने नवं उघडून दिलं — आणि आज हे.

आईची बेचाळीस गाणी त्या माइंड मॅपमध्ये आहेत. मधोमध 'आई', तिथून फांद्या — बारसं, लग्न, जयंती, पौर्णिमा. फांदीवर क्लिक केलं की गाणं तिच्याच आवाजात लागतं. सगळी तिनेच रचलेली, एकही कुठे लिहिलेलं नाही. डॉक्टर म्हणाले, विसरणं वाढतच जाणार. म्हणून दिवाळीपासून बसून हे केलं. रोज सकाळी आई दोन गाणी ऐकायची, की पुढची कडवी आपसूक म्हणायची.

मोबाइलमधली मूळ रेकॉर्डिंग्ज मी उडवली. जागा नव्हती म्हणे! अक्कल गहाण टाकली होती मी.

सोमवार, ६
प्रोग्राम काढून परत टाकला. बंद-चालू केलं. ढिम्म.

आईवर ओरडले. "तूच काहीतरी दाबलंस!" ती म्हणाली, "मी नाय गो हात लावला. नाव वाचीत होते फक्त." माझ्या जिभेला हाड नाही.

बुधवार, ८
आई लॅपटॉपच्या बाजूने जातानाही अंग चोरून जाते. गुणगुणणं बंद.

शनिवार, ११
भोईवाड्यातला रघुवीर, दुरुस्तीवाला — "फॉरमॅट मारू काय?" लॅपटॉप ओढूनच घेतला त्याच्या हातातून.

मंगळवार, १४
जयंती. आमच्या डिलाईल रोडच्या विहारात दरवर्षी पहिलं गाणं आईचं. बकुळाताईंनी माइक पुढे केला, "मीराबाई, होऊन जाऊ दे!" पहिली ओळ आली. दुसरी येईना. तिने माझ्याकडे पाहिलं.

मला तरी कुठे येते? चाळीस वर्षं ऐकतेय, पाठ एक नाही! बकुळाताईंनी टाळ्या वाजवून सांभाळून घेतलं. घरी येईपर्यंत आईने माझा हात सोडला नाही. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शनिवार, १८
कारण सापडलं. ऑफिसातल्या अमितने पाच मिनिटांत सांगितलं — "मॅडम, खात्याला मराठीत नाव दिलंत ना? त्या नावाचा फोल्डर बनतो, आणि हा जुना प्रोग्राम तिथे अडकतो. इंग्लिश नावाने दुसरं खातं बनवा, चालू होईल."

म्हणजे मीच! कौतुकाने टाइप केलं होतं — मीराबाई. चाळिशीत प्रौढवर्गात अक्षरं गिरवलेली बाई ती. पडद्यावर स्वतःचं नाव दिसल्यावर बोट फिरवून फिरवून वाचत होती. तेवढं सुख दिलं, आणि तिसऱ्याच दिवशी तिच्यावरच खापर फोडलं. दोन आठवडे तिने एकही गाणं ऐकलेलं नाही. तिच्यासाठी दोन आठवडे म्हणजे किती, हे मला माहीत होतं ना?

माफी मागितली. "कशाची गो?" म्हणाली.

रविवार, १९
उघडलं! बेचाळीसच्या बेचाळीस आहेत. आईला जवळ बसवलं, जयंतीचं लावलं. शेवटपर्यंत मान डोलावत ऐकलं तिने. मग म्हणाली, "बरी गाते बाई. कोणाची गो ही?"